रस्त्यावरची खुर्ची

सकाळी केस विंचरता विंचरता लियानने वरच्या मजल्यावरची खिडकी ढकलली आणि कंगवा केसांतच राहिला. खाली रस्त्यावर, पहाटे तिने मांडलेल्या खुर्चीच्या जागी, एक पांढरी गाडी उभी होती. छोटीशीच, मागच्या काचेशी कापडी मांजर, पुढच्या काचेवर पालिकेचं नवंकोरं हिरवं स्टिकर. गाडीत कुणी नाही, आजूबाजूला कुणी नाही. कुणीतरी न विचारता घरात शिरून आपल्या पलंगावर निजावं तशी ती तिथे निवांत उभी होती. लियानच्या पोटात धस्स झालं. आणि त्या धस्स होण्याच्या मागोमाग पोटातच आणखी काहीतरी हललं, जरासं सैल झालं; पण ते काय आहे हे बघायची तिची छाती झाली नाही. तिने खिडकी लोटून घेतली. मग पुन्हा किलकिली केली. गाडी होतीच.

मग खुर्ची गेली कुठे? ती काही प्लास्टिकची खुर्ची नव्हती, कुणीही काखोटीला मारून न्यावी अशी. तिच्या नवऱ्याच्या, ग्वानच्या वडिलांचं कॉफीचं दुकान मोडलं तेव्हा वाट्याला आलेली ती एकच वस्तू. काळ्या लाकडाची, गोल बैठकीची, उचलताना कमरेत कळ यावी एवढी जड. लग्न होऊन लियान या घरात आली त्याच वर्षी ग्वानने बिस्किटांच्या फेरीसाठी व्हॅन घेतली होती, आणि एक दिवस दुपारी तो जेवायला आला तर दारात दुसऱ्याच कुणाची गाडी. त्या संध्याकाळी त्याने ही खुर्ची उचलून रस्त्यावर मांडली आणि तिला म्हणाला, "मी गेलो की ही ठेवायची. मी आलो की उचलायची." बस्स, एवढंच. लियानने मान डोलावली. त्यात काय अवघड होतं? पुढे कोपऱ्यावर व्हॅन वळली की ग्वान दोनदा हॉर्न वाजवी, पीं-पीं, अगदी आखूड, आणि लियान असेल तिथून धावे. डोक्याला साबण असो, कढईत लसूण करपत असो. लेक कियात अंगावर पीत असला तर त्याला तसाच काखेला मारून. तो सकाळी जाई, जेवायला येई, वामकुक्षी झाली की पुन्हा जाई, संध्याकाळी येई, आणि नव्या वर्षाचे दिवस आले की त्याच्या फेऱ्यांना सुमारच नसे. एकदा पळता पळता तिच्या कमरेच्या साराँगची गाठ सुटली आणि समोरचा म्हातारा सोनार बिचारा आकाशातले ढग बघत राहिला. ताइपिंगला बहिणीकडे चार दिवस राहायला म्हणून तिला कधी जाताच आलं नाही. बहीण रुसायची, "एवढं काय अडतं गं तुझं घरी?" आता बहिणीला काय सांगायचं, खुर्ची अडते म्हणून?

बरं, ग्वान वाईट होता असंही नाही. त्याने कधी हात उचलला नाही की पानावर बसून नावं ठेवली नाहीत. फुटक्या बिस्किटांची पिशवी तो तिच्यासाठी आठवणीने आणी, आणि त्यात वरती मुद्दाम चार अख्खी असत. एका दुपारी ती न्हाणीघरात होती, नळ सोडलेला, तिला हॉर्न ऐकूच आला नाही. बाहेर आली, केस पुसले, चहा टाकला, आणि मग कुठूनतरी लांबून पीं-पीं. थोड्या वेळाने पुन्हा, पुन्हा लांबून. धावत बाहेर येऊन बघते तो ग्वान गल्लीला वेढा घालून चालला होता. किती वेळ फिरत होता कोण जाणे. तिने खुर्ची उचलली, त्याने व्हॅन लावली, घामाने निथळत आत आला. रागावला नाही. टेबलाशी बसला आणि म्हणाला, "खुर्ची होती." त्या दोन शब्दांत तक्रार नव्हती, हेच तर होतं ना! जसा पाऊस असतो तशी खुर्ची होती. आपण उतरावं, दोन हातांनी ती बाजूला करावी, हे त्याला सुचलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तिलाही सुचलं नव्हतं. लाजेने मान खाली घालून तिने त्याला वाढलं होतं.

आणि मग गेल्या वर्षी तो गेला. इस्पितळात, दुपारच्या वेळी, फारसा त्रास न होता. लियान टॅक्सीने घरी आली. टॅक्सीवाल्याने हॉर्न न वाजवताच गाडी कोपऱ्यावरून वळवली, आणि तेव्हा तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता कुणी हॉर्न वाजवणार नाही. छातीतला श्वास जो सरकला तो थेट पोटापर्यंत गेला. कित्येक वर्षांत तो तिथवर गेला नव्हता. सुटले, असं ती मनातल्या मनात म्हणाली. आणि म्हटल्याबरोबर तिचं अंग गार पडलं. अगं बाई, नवऱ्याचं कलेवर अजून तिकडे पडलंय आणि तू सुटले म्हणतेस? माणूस आहेस की कोण? कियात सिंगापूरहून आला, व्हॅन विकून टाकली, दिवस झाले, तो परत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी लियानने खुर्ची उचलली आणि रस्त्यावर मांडली. संध्याकाळी आत घेतली. वर्षभर तिने हे चालवलं. येणारी गाडी नव्हती, वाजणारा हॉर्न नव्हता, पण कमरेत कळ यायची आणि ती आली की तिला जरा बरं वाटे. एक शब्द मनात म्हणून गेले, तर तेवढा तो फेडायला नको?

गल्ली या वर्षभरात अशी बदलली होती की गेलेला ग्वान परत आला असता तर दार चुकला असता. सोनाराच्या घरात हॉटेल झालं, दारात पितळी घंटा आणि कुंडीत बांबू. पलीकडच्या मसाल्याच्या वखारीवर कुणीतरी सायकलवरच्या पोरीचं चित्र काढून ठेवलं, आणि त्यापुढे दिवसभर पर्यटक फोटोसाठी ओळीने उभे राहून तिच्या सायकलवर बसल्याचा आव आणत. मागच्या बाजूला उंच इमारत उठली, तिच्यातल्या लोकांना म्हणे दोन-दोन गाड्या, आणि खालच्या तळघरात जागा एकेकच. त्या उरलेल्या गाड्या सरळ गल्लीत. शेवटी पालिकेने देवळाच्या सभागृहात बैठक बोलावली. एका तरुण बाईने पडद्यावर नकाशा दाखवून सांगितलं, की आता रस्त्यावर पांढरे चौकोन आखले जातील. जो इथे राहतो आणि ज्याच्या नावावर गाडी आहे त्याला परवाना. परवानेवाल्याने कुठल्याही चौकोनात लावावी. कुठलाही चौकोन कुठल्याही घराचा नाही. आणि रस्त्यावरच्या कुंड्या, पिंपं, खुर्च्या उचलल्या जातील. "घरासमोरचा रस्ता घराचा नाही तर काय माझ्या मेव्हण्याचा?" कॉफीवाला याप उठून ओरडला होता. लियान मागच्या बाकावर बसली होती. गाडीच नाही तर परवाना कसला? त्या आठवड्यात कियातचा फोन आला. "मा, जागा सोडायची नाही हं. मी माझी जुनी गाडी तुझ्या नावावर करून तिथे आणून लावतो. झाकून ठेवू. परवाना मिळेल." ती म्हणाली, "मला चालवता कुठे येते?" तर म्हणतो कसा, "चालवायची कशाला? ती नुसती उभी राहायची आहे." बघते म्हणून तिने फोन ठेवला होता.

मग चिनी पंचांगातला सातवा महिना लागला, पितरांचा. पालिकेचा ट्रक आला आणि पिंपं, कुंड्या, स्टुलं, सगळं भरभरून घेऊन गेला. शेजारच्या मुईने आपल्या चिनी मातीच्या कुंडीसाठी ट्रकमागे धावून शिव्यांची लाखोली वाहिली. पण लियानची खुर्ची त्यांनी तेवढी सोडली. दोघं जण जवळ आले, थबकले, एकमेकांकडे पाहिलं, आणि वळसा घालून पुढे गेले. लियानला वाटलं, म्हातारीची दया आली असेल. खुर्चीच्या पायाशी उदबत्त्या होत्या आणि बैठकीवर एक संत्रं होतं खरं, पण या महिन्यात रस्त्याच्या कडेला कुणीही उदबत्त्या खोचतं. वाटसरू पितरांना काही कुणी घरी बोलावत नाही, त्यांचं असं रस्त्यावरच. मात्र दोनच दिवसांत गल्लीभर खुर्च्या उगवल्या. दर दाराशी एक, आणि दर खुर्चीवर एक संत्रं. यापच्या दुकानाबाहेर तर तीन. लियानला हसू आलं होतं, की एकाएकी एवढी भक्ती कुठून उतू आली बाई! पण तिने काही विचारलं नाही.

आता ती जिना उतरून खाली आली, दार उघडलं, आणि खुर्ची तिला पडवीतच दिसली. भिंतीला पाठ लावून नीट ठेवलेली, पाय पुसलेले, बैठकीवर संत्रं जसंच्या तसं. तिने खुर्चीला हात लावेपर्यंत समोरून याप आणि मुई दोघेही येताना दिसले. यापच्या खांद्यावर दुकानातला पंचा, मुईच्या डोक्यात अजून केसांना लावायच्या नळ्या. मुईने येता येताच गाडीला हात जोडले.

"आ-सो," याप खालच्या आवाजात म्हणाला. गल्लीतले बरोबरीचे सगळे तिला आ-सोच म्हणत, वहिनी म्हणून. "आ-सो, तू घाबरू नकोस. आम्ही आहोत."

"मी कशाला घाबरू? झालं काय?"

"झालं काय म्हणे!" मुईने तोंडावर हात ठेवला. "अगं, ती कोपऱ्यावरच्या घरात नवीन राहायला आलीय ना, इस्पितळातली नर्स, तिने ग्वानच्या अंगावर गाडी लावली!"

लियानला काही कळेना. ग्वानच्या कशावर?

"त्या पोरीला बिचारीला काय ठाऊक," याप म्हणाला. "ती आपल्यातली नाही. पण तू वर्षभर त्याच्यासाठी खुर्ची मांडून ठेवतेस, रोज, न चुकता, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगतो, बायको असावी तर अशी. पालिकेच्या पोरांनासुद्धा मीच सांगितलं त्या दिवशी, की बाबांनो, बाकी काही उचला, या खुर्चीत माणूस बसलाय."

"आणि संत्रं माझं," मुई म्हणाली. "उदबत्त्या पण. म्हटलं, तू दुःखात, तुझ्या लक्षात राहायचं नाही."

तर हे असं होतं. सातव्या महिन्यात मंडपात गाणं-बजावणं चालतं तेव्हा पुढची रांग पितरांसाठी रिकामी सोडतात, आणि तिथे बसण्याची कुणाची टाप नसते. वर्षभर लोक हिच्या खुर्चीला वळसा घालून जात होते ते यासाठी. हॉटेलवाले सामान उतरवताना ट्रक लांब लावत ते यासाठी. लियानला वाटत होतं, आपल्या मनातला तो एक शब्द झाकायला आपण खुर्ची मांडतो. आणि लोकांना वाटत होतं, केवढी ही माया! तिचे कान गरम झाले. रडू येईल असं वाटलं आणि हसूही येईल असं वाटलं. तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"पण आता ऐक," याप आणखी जवळ आला. त्याच्या तोंडाला कॉफीचा वास येत होता. "या महिन्यात पालिकेचा माणूस खुर्चीला बोट लावायचा नाही. महिना संपला की आपण अर्ज देऊ. गल्लीची जुनी परंपरा म्हणून. परंपरा म्हटलं की पालिका पाघळते, ती सायकलवरची पोरगी नाही का भिंतीवर? पण त्यासाठी मुळात एक तरी खुर्ची खरी पाहिजे. आमच्या खुर्च्यांचं काय, लोक विचारतील एवढे मेलेले एकदम आले कुठून. तुझी खरी आहे. तू नुसतं सांग, की ग्वान इथेच आहे आणि त्याला जागा हवी आहे. झालं! तुझी जागा कायमची तुझी."

"कायमची?"

"तू आहेस तोवर. रोज ठेवायची, रोज उचलायची. तुला काय, सवयच आहे."

तेवढ्यात कोपऱ्यावरचं दार उघडलं आणि ती पोरगी आली. सल्वानी तिचं नाव. घाईने बांधलेला निळा स्कार्फ, उशीच्या वळ्या गालावर, रात्रपाळीचे डोळे लाल. बाहेरची कुजबुज तिच्या खिडकीपर्यंत गेली असणार. "आंटी, ती खुर्ची तुमची का? माफ करा हं. मी खूप वेळ फिरत होते. सगळ्या चौकोनांत खुर्च्या. परवाना आहे माझ्याकडे, पण लावू कुठे? फिरले, फिरले, शेवटी झोपच यायला लागली. मग उतरले आणि ही उचलून आत ठेवली. पावसात भिजत होती बिचारी." तिने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "काही चुकलं का? तुमच्यात काही असेल तर मला माहीत नव्हतं. मी आत्ता काढते गाडी."

उतरले आणि उचलून आत ठेवली. लियानने ते शब्द मनात पुन्हा म्हणून पाहिले. एवढीशी पोर, रात्रभर पायांवर उभी राहून आलेली, हातात काडीचा जोर नाही, आणि ती उतरली आणि तिने खुर्ची उचलली. म्हणजे तसं करता येतं. गाडीचं दार उघडता येतं, दोन पावलं चालता येतं, वाकता येतं. आपण साबणाच्या डोक्याने धावत होतो, लेकराला काखेला मारून धावत होतो, ताइपिंगची बहीण वाट बघून बघून म्हातारी झाली, आणि एवढं सोपं होतं ते! तिला ग्वानचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा, लख्ख, स्वच्छ राग आला, मेल्यावर वर्षाने. आणि राग आला तसा तिला ग्वान दिसला, व्हॅनमध्ये घाम पुसत गल्लीला वेढे घालणारा, आणि त्याची कीवही आली. तोही त्या खुर्चीबाहेरच फिरत राहिला होता. दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. कसली माणसं आपण, असं तिला वाटलं, आणि त्यात कुणाला वाईट ठरवण्याजोगं काही उरलं नाही.

"आ-सो, विचारूनच घे की ग्वानला," यापने खिशातून दोन नाणी काढून तिच्या हातावर ठेवली. "पोरीसमोरच होऊन जाऊ दे. एक छापा एक काटा पडला तर हो, त्याला जागा हवी. दोन्ही काटे तर नको. मग आमचं काही म्हणणं नाही."

मुईने डोळे मिटून हात जोडले. सल्वानी अदबीने दोन पावलं मागे सरली. लियानने नाणी ओंजळीत धरली. विचारायचं ते तिने मोठ्याने विचारलं नाही. जागा हवी का, असं तिने विचारलंच नाही. मी सुटले म्हणाले होते, ऐकलंस का, असं तिने विचारलं. आणि नाणी पडवीच्या फरशीवर सोडली. एक तिथेच आडवं पडलं, दुसरं गरगरत गटाराच्या काठापर्यंत गेलं आणि कलंडलं. सगळे वाकले.

दोन्ही छापे.

"हसतोय," मुई पुटपुटली. दोन्ही छापे पडले की गेलेला माणूस हसतोय, एवढाच त्याचा अर्थ. हो नाही आणि नाहीही नाही.

"हसला तर पुन्हा विचारायचं," याप म्हणाला. "टाक, टाक पुन्हा."

ग्वान हसायचा तरी कधी? लियान आठवू लागली. फुटक्या बिस्किटांच्या पिशवीत वरती चार अख्खी ठेवून तो ती पुढे करी, तेव्हा त्याच्या तोंडाचा एक कोपरा जरासा हले. तेवढंच. पण ते हसूच असणार. तिने वाकून नाणी उचलली, पुसली, आणि यापच्या शर्टाच्या खिशात सोडली. मग खुर्चीवरचं संत्रं हातात घेतलं आणि वळून त्या खुर्चीत बसली.

मुईच्या तोंडून किंकाळीच फुटली. "अगं! उठ, उठ! सातवा महिना आहे! आ-सो, उठ गं!" यापने पंचा तोंडावर धरला. समोर हॉटेलच्या दारातला पोऱ्या घंटा पुसायची थांबवून बघत राहिला. लियान बसली. इतक्या वर्षांत या खुर्चीत ती एकदाही बसली नव्हती, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. बैठक गार होती, ऐसपैस होती. पाठीचा कणा मागच्या दांड्यांना टेकला आणि कंबर सैल पडली. सकाळपासून पोटात जे हलत होतं ते पूर्ण खाली उतरलं, आणि या वेळी तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. हायसं वाटत होतं. नुसतं हायसं. आकाश कोसळलं नाही, अंग गार पडलं नाही. सुटले, असं तिने पुन्हा एकदा मनात म्हणून पाहिलं, आणि त्या शब्दाला काही झालं नाही.

"इथे कुणी बसलेलं नाही," ती म्हणाली. "मी बसलेय. ही खुर्ची मी गाडीसाठी ठेवत होते, याप. माझी गाडी नाही. पोरी, तुझी गाडी राहू दे तिथेच. जा, झोप जा."

"आणि आमच्या खुर्च्या?" याप रडवेला झाला. "आ-सो, तू अशी बसलीस तर आमच्या खुर्च्यांना कोण भिणार?"

"नाही भिणार," लियान म्हणाली आणि संत्रं सोलू लागली. साल जाड होती, तिचा वास बोटांना चिकटला. अर्धं तिने सल्वानीपुढे धरलं. पोरीने आधी मुईकडे बघितलं, मग घेतलं. कियातला दुपारी फोन करायचा, की बाबा, गाडी आणू नकोस. आणि ताइपिंगलाही एक फोन करायचा. चार दिवस नाही, चांगले पंधरा दिवस राहायचं. आणि जाताना खुर्चीला दोरी बांधायची नाही, कुलूप लावायचं नाही, बसू दे ज्याला बसायचं त्याला.

इतक्यात कोपऱ्यावर हॉर्न वाजला. पीं-पीं. आखूड.

लियानचे गुडघे आपोआप हलले. टाचा उचलल्या गेल्या, हात खुर्चीच्या कडेला गेले, तोंडातली फोड तशीच राहिली. मग तिला दिसलं, की कोपऱ्यावर मुईचा नवरा मासळीचे डबे घेऊन टेंपोत बसलाय, आणि केसांतल्या नळ्या सावरत, सपाता फटफटवत मुई आपल्या दारच्या खुर्चीकडे धावत सुटलीय. संत्रं खुर्चीवरून घरंगळून रस्त्यावर पडलंसुद्धा.

"मुई!" लियानने हाक मारली. इतक्या मोठ्याने ती गल्लीत कधी बोलली नव्हती. "मुई, थांब गं! त्याला उतरू दे की!"

मुई खुर्चीपाशीच थांबली. तिने लियानकडे पाहिलं, टेंपोकडे पाहिलं, पुन्हा लियानकडे पाहिलं. हॉर्न पुन्हा वाजला. मुईचे हात पुढे झाले होते, ते तिने हळूहळू खाली सोडले. टेंपोच्या खिडकीतून तिच्या नवऱ्याचं डोकं बाहेर आलं, "काय झालं गं?" मुई जागची हलली नाही. मग टेंपोचं दार कुरकुरत उघडलं, एक सपाता घातलेला पाय बाहेर आला, आणि लियानने तोंडातली फोड चावली. गोड होती.